जॉइनिंग बोनस मागावा की आई-वडिलांचा आरोग्य विमा?

ऐरोली-महापेच्या ऑफिसात पगाराचा आकडा ठरल्यावर एचआरकडून बहुधा आणखी एकच गोष्ट पदरात पडते.

बोनस दिसतो मोठा, पण तो पगारातच धरला जातो. ३० टक्के आयकराच्या टप्प्यात असाल तर १ लाखातले सेससकट ३१,२०० कापून हातात ६८,८०० येतात. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर वसुलीची अट असते, आणि ती अनेकदा पूर्ण १ लाखाची. 'हातात आलेली रक्कमच परत, तीही उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने' असं ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

घरी कुणाची शुगर-बीपीची गोळी चालू असेल तर मात्र विमाच मागा. स्वतः घेतलेल्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत हे आजार सहसा पहिल्या दिवसापासून धरतात.

होकार देण्याआधी पॉलिसीची प्रत मागवा, तोंडी आश्वासनावर जाऊ नका. खरी मेख हॉस्पिटलच्या खोलीभाड्यात असते. ३ लाखांच्या विम्यावर १ टक्का मर्यादा म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. वाशीत किंवा ठाण्यात ६,०००ची खोली घेतलीत, तर नुसता भाड्याचा फरकच नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचं बिलही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मं कापलं जाऊ शकतं. को-पे, म्हणजे बिलातला तुम्ही स्वतः भरायचा वाटा, १० टक्के की २०, तेही विचारा.

नोकरी सुटली की हा विमा संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, याची चौकशी शेवटच्या दिवसाआधीच करायची.