गिटारचा प्लग की टेलिफोन एक्स्चेंजचा?
दोन्ही प्लग पाव इंची, म्हणजे 6.35 मिमी जाडीचे. भंगाराच्या डब्यात एकत्र पडले की जुळे भाऊच. फरक टोकाला. गिटार-हेडफोनच्या प्लगचं टोक बोंडासारखं फुगीर, मागे खोल खाच. ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या टेलिफोन स्विचबोर्डावरचा 316 नंबरचा प्लग पितळी, तीन संपर्कांचा. टोक लहान आणि गोलसर. बीबीसीच्या स्टुडिओंतही हाच वापरत. गिटारचा प्लग 316च्या सॉकेटात जातो खरा, पण आतली पत्ती फाकवून ठेवतो. नंतर मूळ प्लग घाला, आवाज खरखरतो किंवा गायबच! उलट केलं तर नुकसान नाही, फक्त टोक पत्तीला नीट टेकत नाही. जुन्या पॅचबेला (वायरी जोडायच्या सॉकेटांच्या फळीला) मी तरी गिटारची वायर लावू देत नाही.