हाताने घडवलेल्या सुऱ्या ऑनलाइन विकायला पैसे भरावेत का? अकरा महिन्यांनंतरचा अनुभव (खोक्याचं माप आधी वाचा)

नूतनीकरणाला नऊ दिवस उरलेत आणि रोज सकाळी एक मेसेज येतोय, म्हणून आज वही घेऊन बसलोच. गेल्या पाडव्याला 5,999 रुपये अधिक जीएसटी भरून एका विक्रीच्या साइटवर वर्षभरासाठी सशुल्क दुकान घेतलं. कुणाचं ते लिहीत नाही. प्लॅनमध्ये काय काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे, तेही लिहीत नाही. मी खोक्याबद्दल लिहिणार आहे.

आधी थोडं माझं. कोल्हापुरात उद्यमनगरात बावीस वर्षं टूलरूममध्ये काढली, आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी आहे. कोयत्याला ट्रकचे पाटे, सुरीला बेअरिंगचं ईएन 31 पोलाद. आठवड्याला दोन, फार तर तीन नग होतात. ऑनलाइन येण्याआधी गिऱ्हाईक म्हणजे ओळखीतलं, आणि ओळखीतला माणूस पैसे देताना हमखास म्हणतो, "अरे, बाजारात दीडशेला मिळते."

सुरीचा भाव ठेवला 1,450. पहिल्या महिन्यात सहा गेल्या, मी खूश. मग पहिलं बिल आलं. 240 ग्रॅमच्या सुरीला कुरियर 246 रुपये, म्हणजे दोन किलोचा दर!

ज्यांना अजून फटका बसलेला नाही त्यांच्यासाठी: कुरियरवाले वजन बघतात, पण मापही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5,000 ने भागायची. येईल तो आकडा किलो. खरं वजन आणि हे, यातलं जे जास्त त्याचे पैसे. वर अर्ध्या-अर्ध्या किलोचा टप्पा. माझा खोका 38 × 16 × 8. गुणाकार 4,864, म्हणजे एक किलोच्या आत, भाडं 148. पण त्यांच्या मशीनने मोजला 41 × 21 × 11. गुणाकार 9,471, म्हणजे 1.89 किलो, म्हणजे दोन. का? तर आत बबलचं गुंडाळं कोंबल्यामुळे खोका पोटातून फुगला होता.

98 रुपयांचा फरक. त्यासाठी मी अकरा मेल लिहिले. तिन्ही बाजूंना टेप लावून फोटो पाठवा म्हणाले, पाठवले. टेपवरचे आकडे स्पष्ट दिसत नाहीत म्हणाले. मग आयुष्यभर ज्या व्हर्नियरवर (बारीक माप घ्यायच्या पट्टीवर) पोट भरलं तो लावून फोटो काढले. त्यावर उत्तर आलं की आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, तक्रार बंद करण्यात येत आहे. ज्या माणसाने मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर नोकरी केली त्याला तीन सेंटिमीटर जास्तीचं मशीन खोटं पाडतं, हे काही केल्या गिळता येईना. बायको म्हणाली, "अहो, तेवढ्या वेळात एक सुरी झाली असती." खरं आहे. पण मुद्दा सुरीचा नव्हता.

तेव्हाचा हिशेब असा. 1,450 मधून जीएसटी 221. (2022 च्या जुलैत सुऱ्यांवरचा कर 12 वरून 18 टक्के झाला. गंमत म्हणजे शेतीचा कोयता करमुक्त. भट्टी तीच, घण तोच, हात तोच.) कमिशन 12 टक्के, म्हणजे 174. कुरियर 246. उरले 809. त्यातून पोलाद, मूठ, घासायचे पट्टे, तेल, कोळसा आणि तो खोका मिळून 290. हातात 519, आणि एका सुरीला साधारण पाच तास. मे महिन्यात मी ठरवलं होतं की दुकान बंद करायचं आणि इथे येऊन चार शिव्या लिहायच्या. तेव्हा लिहिलं असतं तर एक तारा दिला असता.

जूनमध्ये चपला दुरुस्तीला टाकायला गेलो. चप्पलवाल्याच्या पायाशी कातड्याच्या कापणाचा ढीग पडला होता. किलोवर मागितला, त्याने हसून पिशवी भरून दिली. त्याची म्यानं शिवली. पातं म्यानात गेलं की टोक खोक्यातून बाहेर यायची भीती नाही, मग बबलही नको. खोका झाला 36 × 8 × 5. गुणाकार 1,440, म्हणजे तीनशे ग्रॅमही नाही. खरं वजन सगळं धरून 380 ग्रॅम. पहिला टप्पा, भाडं 92. एका सुरीमागे 154 रुपये वाचले, म्हणजे 519 चे 673 झाले. त्या दिवसापासून मशीनने एकदाही जास्त माप लावलेलं नाही. एवढ्या छोट्या खोक्यात फुगायला जागाच नाही.

आणि मग मत पुन्हा बदललं, दोन्ही बाजूंनी.

एक म्हणजे गिऱ्हाईकं म्यानावर भाळली. मी पातं लालबुंद करून चुंबक चिकटायचं थांबेपर्यंत तापवतो, म्हणजे साधारण 770 अंशांवर नेतो, त्याच्याही थोडं वर जाऊन तेलात बुडवून पाणी देतो, म्हणजे कडक करतो, मग ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन तास ठेवून गव्हाच्या काडीचा रंग आणतो. आणि लोक लिहितात, "कव्हर एक नंबर!" ठीक आहे.

दुसरं, गंज. जुलै-ऑगस्टात चार तक्रारी आल्या. आधी वाटलं लोक सुरी रात्रभर सिंकमध्ये टाकतात, आणि एकाने टाकलीही होती. पण उरलेल्या तिघांनी पुसून, नीट जपून म्यानात ठेवली होती! कोल्हापुरी कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पकवतात. त्यातला तुरटपणा आणि पावसाळी दमट हवा ईएन 31 ला सोसत नाही. हे स्टेनलेस नव्हे. म्हणजे खोका वाचवायला मी सुरीला गंज जोडून दिला होता. साइटने चौघांनाही मला न विचारता पैसे परत केले. तेव्हा फार चिडलो होतो. आता तीन वेळा ते बरोबर होते आणि एकदा मी, असं वाटतं. आता म्यानाला आतून मेण लावतो आणि सोबत चिठ्ठी देतो: म्यान प्रवासापुरतं, घरी आल्यावर सुरी उघडी ठेवा, पुसून खोबरेल तेलाचं एक बोट फिरवा. त्यानंतर तक्रार नाही.

कोयत्याची कथा थोडक्यात. "ऊसतोडीचा कोयता" असं लिहून टाकला, तासाभरात नग अडवला, कारण "हत्यार". वर्तमानपत्रांतल्या कोयता गँगने आमचं हे करून ठेवलंय. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण घरगुती आणि शेतीच्या वापराची पाती त्यातून वगळली आहेत, हे मी तो उतारा जोडून कळवलं. उपयोग शून्य. ज्या वस्तूवर कर नाही ती विकता येत नाही आणि जी विकता येते तिच्यावर 18 टक्के. कोयते आता शिरोळकडचे लोक घरी येऊन नेतात. बरंच आहे, कोयत्याला खोका लागत नाही.

जाहिराती: तीन महिन्यांत 6,000 घातले, पाच सुऱ्या गेल्या. पुन्हा करणार नाही.

घरपोच रोखीची सोय ऑगस्टमध्ये बंद केली. अकरा महिन्यांत 83 ऑर्डर, त्यातल्या नऊ दारातून परत आल्या आणि नवांतल्या सात रोखीच्या होत्या. जाण्याचंही भाडं आपलं, येण्याचंही आपलं. बंद केल्यावर महिनाभर शुकशुकाट होता, दिवाळीत भरून निघालं.

आता मुख्य प्रश्न, पैसे भरून दुकान घ्यावं का. फुकटच्या खात्याला कमिशन 18 टक्के, सशुल्कला 12. एका सुरीमागे 87 रुपयांचा फरक. जीएसटीची वजावट मिळते म्हणून तो दोन्हीकडून सोडून दिला. 5,999 भागिले 87, म्हणजे वर्षाला 69 सुऱ्या विकल्या तर बरोबरी. माझ्या 74 टिकल्या. 74 गुणिले 87 बरोबर 6,438. वजा 5,999. वर्षभर सशुल्क दुकानदार म्हणून मिरवून मी 439 रुपये वाचवले. "ठळक जागा" म्हणून जे काही मिळतं ते मला तरी कधी दिसलं नाही. भाच्याच्या फोनवरून शोधलं तर माझी सुरी चौथ्या पानावर, चायना सेटच्या खाली.

मात्र एक मान्य करतो. पुण्या-मुंबईच्या, बंगळुरूच्या ज्या बायांनी आणि बाप्यांनी फोटो टाकून अभिप्राय लिहिले, त्यांच्यामुळे अनोळखी माणसाचा विश्वास बसला. खोक्यात फोन नंबर टाकायला बंदी आहे, पण पात्यावर ठसा माझाच आहे, आणि लोक शोधून काढतात. डिसेंबरपासून नऊ जणांनी थेट फोन करून मागवल्या. त्या 74 मध्ये धरलेल्या नाहीत. पुढच्या वर्षी अशाच वाढल्या तर दुकानातून 69 व्हायच्या नाहीत.

म्हणून फुकटच्या खात्यावर उतरतोय. तिथे दहाच वस्तू मांडता येतात, माझ्या सातच आहेत. आठवड्याला दोन-चार सुऱ्या सहज होणाऱ्या जोडगोळीने, किंवा बाप-लेक मिळून करणाऱ्यांनी, पैसे भरायला हरकत नाही. एकट्याने आकड्याशी खेळ करून बघावा. आणि माप शेवटी नको, आधी घ्यावं. मी सुरी आधी घडवली आणि खोका नंतर शोधला, तिथेच चुकलं. हल्ली आठ इंचांच्या वर पातं काढतच नाही. जास्त लांबीचं मागितलं तर गिऱ्हाईकाला सांगतो की हे आपल्या हाताला जास्त बरं पडेल. ते खरंही आहे.

काल ठाण्याच्या एका ताईंचा मेसेज आला: सुरी नको, आहे, नुसतं म्यान मिळेल का, तीन हवीत. खोका काढून लावून बघितलं. बसतात तिन्ही.