क्रोशाचा तयार संच: सुया ठेवा, लोकर बदला

'नवशिक्यांसाठी क्रोशे किट' म्हणून ऑनलाइन जे संच मिळतात, त्यांची नावं आणि पिशव्यांचे रंग वेगळे असले तरी आतलं सामान जवळपास सारखंच असतं. रबरी मुठीच्या आठ-नऊ अ‍ॅल्युमिनियमच्या सुया, 20-25 ग्रॅमचे सहा-आठ छोटे गुंडे, टाक्यावर खुणेसाठी अडकवायचे प्लॅस्टिकचे मार्कर, मोठ्या नेढ्याच्या दोन बोथट सुया, एक चिमुकली कात्री, मोजपट्टी आणि हे सगळं मावेल अशी चेनची पिशवी. किंमत साधारण सहाशेपासून हजार-बाराशेपर्यंत. निवृत्त झालेल्या सासूबाईंना किंवा सुट्टीत कंटाळलेल्या भाचीला भेट द्यायला बरं दिसतं, म्हणून बरेच जण घेतात. आमचं मत आधीच सांगून टाकतो: सुया घेण्यासारख्या, लोकर नाही.

सुया 2 ते 6 मिमी जाडीच्या असतात. घरगुती कामाला त्यांतल्या खरं तर तीनच लागतात: 3.5, 4 आणि 5. बाकीच्या पिशवीत पडून राहतात, पण जागा किती खातात? रबरी मूठ ही मात्र मनापासून आवडलेली गोष्ट. जुन्या पद्धतीच्या सरळ धातूच्या सुईवर अर्धा तास काम केलं की अंगठ्याचं पेर दुखायला लागतं. जाड मुठीवर तेवढा जोर लावावा लागत नाही. संधिवाताचा त्रास असलेल्यांना तर सरळ हीच सुई सुचवावी.

सुई हातात आली की दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, आकडी जुन्या नायलॉनच्या ओढणीवरून अलगद फिरवून बघायची. स्वस्त सुयांच्या आकडीवर साच्याची बारीक धार राहिलेली असते, ती कापडात अडकते. अडकली तर नखं घासायच्या बफरच्या मऊ बाजूने आठ-दहा वेळा घासली की काम भागतं. दुसरी, आकडीच्या मागचा दांडा निमुळता किती आहे ते बघायचं. सुईचा आकार त्या दांड्याच्या जाडीवर ठरलेला असतो. शिकणारा माणूस टाका नेहमी आकडीजवळच्या बारीक भागावरच घेतो, मग 4 मिमीच्या सुईने 3 मिमीचे घट्ट टाके पडतात आणि पुढच्या ओळीत सुई आत शिरतच नाही. टाका जाड दांड्यापर्यंत मागे सरकवूनच ओढायचा, हे पहिल्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं. मुठीवर छापलेला आकडा महिन्या-दोन महिन्यांत पुसला जातो. आधीच नेलपॉलिशचे ठिपके देऊन ठेवा. 4 ला चार, 5 ला पाच. मे महिन्याच्या घामात अ‍ॅल्युमिनियमचा राखाडी डाग पांढऱ्या दोऱ्यावर उतरतो, तेव्हा अधूनमधून सुई कोरड्या फडक्याने पुसावी.

आता लोकर. गडबड इथे आहे.

बऱ्याच संचांत 'मिल्क कॉटन' नावाचा मऊ दोरा देतात. दुधाशी याचा संबंध बहुतेकदा नावापुरताच. सूत आणि अ‍ॅक्रिलिकचं मिश्रण असतं. दिसायला छान, रंग गोड, पण पीळ सैल. सुई टाक्यात घालताना दोऱ्याचे पेड सुटतात, आकडी दोन पेड पकडते आणि तीन सोडते. सराईत हात हे सांभाळून घेतो. नवख्या माणसाला वाटतं की आपल्याला जमतच नाहीये. काही संचांत त्याहून वाईट म्हणजे मखमली, केसाळ दोरा असतो. त्यात टाके दिसतच नाहीत, बोटाने चाचपून मोजावे लागतात. उसवायला गेलं की दोऱ्याचा केस गळून नुसता धागा उरतो. खेळणी बनवण्यात मुरलेल्या माणसासाठी तो दोरा चांगला आहे. पहिल्या महिन्यात तो हातात देणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला भरतीच्या समुद्रात उतरवण्यासारखं.

गुंड्यांच्या वजनाचंही बघा. 25 ग्रॅममध्ये चहाच्या कपाखाली ठेवायच्या दोन चकत्या होतात, तिसरीला दोरा पुरत नाही. सहा रंगांच्या सहा गुंड्यांतून एक धड मफलर होत नाही. त्यात एक गुंडा हमखास काळा असतो. ट्यूबलाइटखाली काळ्या दोऱ्यातले टाके दिसणं तरबेज डोळ्यांनाही अवघड.

त्यापेक्षा जवळच्या लोकरीच्या दुकानात जावं. पुण्यात तुळशीबाग आणि बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केट किंवा भुलेश्वर, आणि तालुक्याच्या गावी बांगड्या-लेस-फॉल विकणारं दुकान तर असतंच. तिथून फिक्या रंगाचा, एकाच रंगाचा, घट्ट पिळाचा अ‍ॅक्रिलिकचा 100 ग्रॅमचा गुंडा घ्यायचा. फिकट पिवळा, आकाशी, मोतिया, काहीही. 'चार प्लाय की आठ प्लाय' असं दुकानदार विचारतो. त्या आकड्यावर फार विसंबू नका. प्लाय म्हणजे किती पेड एकत्र पिळलेत ते, प्रत्येक पेड किती जाड ते नव्हे. वेष्टनावर सुईचा जो आकार छापलेला असतो तो बघा, 4 मिमी लिहिलं असेल तर डोळे झाकून घ्या. मोठं काम काढणार असाल तर सगळे गुंडे एकदम घ्यायचे आणि वेष्टनावरचा रंगाचा लॉट नंबर जुळवायचा. दोन महिन्यांनी आणलेला 'तोच' गुलाबी शेजारी लावला की ओळीच्या मधोमध पट्टा दिसतो. बाळाच्या 75 बाय 90 सेंटीमीटरच्या दुलईला मध्यम जाडीची लोकर साधारण 400 ग्रॅम धरावी आणि वर एक गुंडा जास्तीचा.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवायचा. स्वयंपाकघरातलं काहीही, विशेषतः गरम भांडी धरायचे चौकोन, अ‍ॅक्रिलिकचे करायचे नाहीत. अ‍ॅक्रिलिक तापलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. तिथे शंभर टक्के सूत हवं, तेही दुहेरी. संचातल्या दोऱ्यावर 'कॉटन' लिहिलेलं असलं तरी वीतभर तुकडा चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. अ‍ॅक्रिलिक आक्रसतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक काळी गोळी होते. खऱ्या लोकरीला जळलेल्या केसांचा वास येतो. गडद लाल-मरून सुताचा रंग जातो का हेही आधी बघावं: ओला तुकडा पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवला की दहा मिनिटांत कळतं.

संचासोबतची पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते, अक्षर मुंगीएवढं, आणि ती अमेरिकन पद्धतीची की ब्रिटिश हे कुठे लिहिलेलं नसतं. अमेरिकन पॅटर्नमधला 'डीसी' (डबल क्रोशे) म्हणजे आपला साधा खांब, सुईवर दोरा एकदा गुंडाळून घातलेला उंच टाका. ब्रिटिश पॅटर्नमधला 'डीसी' म्हणजे मुका खांब, दोरा न गुंडाळता घातलेला बुटका टाका. हे माहीत नसलं की रुमाल निम्म्या उंचीचा होतो. सोपी खूण अशी: पॅटर्नमध्ये 'एससी' (सिंगल क्रोशे) ही अक्षरं आली तर तो अमेरिकन. डावखुऱ्यांसाठी पुस्तिकेत सहसा काहीच नसतं. सुई दोन्ही हातांना चालते, चित्रं आरशात धरून बघायची किंवा व्हिडिओ उलटा करून लावायचा.

पुस्तिकेतला पहिला नमुना बहुतेक वेळा बाहुली किंवा फूल असतो. तो बाजूला ठेवा आणि 20 खांबांचा चौकोन करा, सगळ्या चुका त्यातच कळतात. 22 साखळ्या (एकातून एक ओढलेले फास) घालायच्या, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब. सुटलेल्या तीन साखळ्या हाही एक खांब धरायचा, म्हणजे वीस होतात. ओळ संपली की काम उलटं करून तीन साखळ्या घालायच्या आणि पुढे चालायचं. साताठ ओळींनंतर चौकोनाचा त्रिकोण व्हायला लागला, तर ओळीच्या शेवटी त्या तीन साखळ्यांच्या डोक्यावरचा खांब राहतोय, दर ओळीला एक टाका गळतोय. कापड रुंदावत असेल तर पहिला खांब तीन साखळ्यांच्या बुडाशीच घातला जातोय, तो पुढच्या टाक्यात हवा. खालची कड आखडून चौकोन धनुष्यासारखा वाकला तर साखळीला हात घट्ट पडलाय. साखळी 4.5 किंवा 5 च्या सुईने घालायची आणि पुढचं काम 4 ने करायचं. इथे संचातल्या जास्तीच्या सुया खरंच कामी येतात.

त्यानंतर गोल चकती. चार साखळ्यांची कडी करून तिच्यात 12 खांब, दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन म्हणजे 24, तिसरीत एकाआड एक दोन म्हणजे 36. 4 मिमीच्या सुईने आठ-नऊ सेंटीमीटरची चकती होते, कपाखाली ठेवायला पुरेशी. दर फेरीला बारा वाढले पाहिजेत. कमी वाढले तर कडा वर उचलून वाटी होते, जास्त वाढले तर झालर पडते. दोऱ्याची टोकं 15 सेंटीमीटर सोडून कापायची आणि बोथट सुईने एकदा इकडे, एकदा तिकडे अशी मुरवायची. गाठ मारून टोक जवळ कापलं तर दोन धुण्यांत सुटतं. संचातली बोथट सुई प्लॅस्टिकची असेल तर ती वाकते, धातूची दहा रुपयांत मिळते.

भरल्या घरात हा छंद टिकतो त्याचं कारण फार साधं आहे. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर उघडी असते, काम खाली पडलं की टाके गळतात. क्रोशात एका वेळी एकच टाका उघडा असतो. कुकरची शिट्टी झाली, दारात कुरियर आला, लेकराने हाक मारली, की त्या टाक्यात मार्कर किंवा साधी सेफ्टी पिन अडकवायची आणि उठायचं. संचातले कुलपासारखे बंद होणारे मार्कर यासाठी उत्तम. नुसत्या कड्यांचे मार्कर असतील तर ते सुटून सोफ्याखाली जातात. कुठल्या ओळीवर थांबलो ते लिहून ठेवायला कागदाचा चिटोरा पिशवीतच असू द्या. सुईच्या टोकाला बसवायचा आकडे फिरवण्याचा काउंटर काही संचांत येतो, तो मुलं फिरवतात आणि हिशेब संपतो. गुंडा घरभर लोळू नये म्हणून जुन्या चहाच्या किटलीत ठेवावा, दोरा तोटीतून बाहेर. हळदीचे हात मात्र नीट धुऊनच काम उचलायचं. सुतावरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो, उन्हात दोन दिवस वाळवला की फिका पडतो.

सात-आठ वर्षांच्या मुलांना 5 किंवा 6 ची सुई आणि जाड लोकर द्या, आधी फक्त साखळी. त्याहून लहानांना सुईच नको, बोटांवर साखळी घालता येते आणि तिच्या राख्या, पुस्तकातल्या खुणा होतात. घरात रांगतं बाळ असेल तर मार्कर आणि कात्री पिशवीतून काढून वरच्या फळीवर. काही संचांत बाहुल्यांसाठी प्लॅस्टिकचे डोळे येतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला ते लावू नयेत, डोळे दोऱ्यानेच भरावेत. बाहुलीला वेष्टनावर लिहिलंय त्यापेक्षा एक-दीड मिमी बारीक सुई घ्या, नाहीतर आतला कापूस टाक्यांतून डोकावतो.

रुखवतात मांडायचं तोरण किंवा ताटावरचा रुमाल करायचा म्हणून कुणी हा संच घेणार असेल तर घेऊ नये. ते काम 10 किंवा 20 नंबरच्या क्रोशाच्या सुती दोऱ्याचं. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. 10 ला दीड-पावणेदोन मिमीची आणि 20 ला सव्वा मिमीची स्टीलची सुई लागते, आणि संचातली सर्वांत बारीक सुई 2 ची असते. स्टीलची सुई त्याच लोकरीच्या दुकानात सुटी मिळते. दोरा रेशमासारखा चमकणारा, म्हणजे मर्सराइज्ड घ्यावा. ताणलेल्या सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून तो बनवतात, त्यामुळे पेड सुटत नाहीत आणि जाळी रेखीव दिसते. तोरण पुरं झालं की धुऊन, साबुदाण्याची पातळ खळ देऊन, टॉवेलवर प्रत्येक पाकळी टाचणीने ताणून वाळवायचं. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात.