लायोनेल 6464 बॉक्सकारचा रास्त भाव कुठे सापडतो: किंमत-पुस्तिका, ईबे आणि लिलाव

लायोनेल या अमेरिकन कंपनीच्या खेळण्यातल्या रेल्वेतला, 6464 मालिकेतला एखादा बॉक्सकार, म्हणजे मालगाडीचा बंद डबा, विकत घ्यायचा तर भाव तपासायला तीन साधनं हाताशी असतात. ग्रीनबर्गच्या नावाने ओळखली जाणारी खिशात मावणारी किंमत-पुस्तिका, ईबेवरच्या झालेल्या विक्रीच्या नोंदी आणि खेळण्यातल्या रेल्वेचे लिलाव करणाऱ्यांचे जुने निकाल. तिन्हींचा निकाल आधीच सांगून टाकतो: पुस्तिका डबा ओळखण्यासाठी उत्तम आणि भावासाठी बेताची, ईबे नेहमीच्या डब्यांसाठी सगळ्यात विश्वासू, आणि दुर्मीळ डब्यासाठी लिलावाच्या निकालांना पर्याय नाही. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की खिसा हलका होतो.

6464 मालिकाच का? कारण ही साधनं कुठे चालतात आणि कुठे फसतात ते याच मालिकेत सगळ्यात स्पष्ट दिसतं. 1953 मध्ये चार डब्यांनी तिची सुरुवात झाली: 6464-1 वेस्टर्न पॅसिफिक, 6464-25 ग्रेट नॉर्दर्न, 6464-50 मिनियापोलिस अँड सेंट लुईस आणि 6464-75 रॉक आयलंड. ओ गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर 31.75 मिमी. डब्याचं प्लास्टिकचं अंग जवळपास तेच राहिलं. रंग, अक्षरं आणि रेल्वे कंपन्या बदलत गेल्या. त्यामुळे लांबून भावंडांसारखे दिसणारे दोन डबे किमतीत दहा पटींनी वेगळे असू शकतात.

आता पुस्तिका. तिची मांडणी सुटसुटीत आहे: क्रमांक, वर्णन, उत्पादनाची वर्षं, आणि युद्धोत्तर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, काळातल्या मालासाठी भावाचे दोन रकाने, ‘गुड’ आणि ‘एक्सलंट’. वर्णनाचा रकाना हा तिचा खरा ऐवज. 6464-175 रॉक आयलंडच्या चंदेरी डब्यावर निळी अक्षरं असतील तर तो साधा आणि काळी असतील तर दुर्मीळ, 6464-275 स्टेट ऑफ मेनचं दार बहुतेक वेळा पट्ट्यांचं असतं आणि सबंध लाल दार क्वचित येतं, 6464-300 रटलंडच्या बोधचिन्हातली ढाल भरीव असेल तर भाव कुठच्या कुठे जातो, हे सगळं एका ओळीत सापडतं. ही माहिती नसेल तर ईबेवर नक्की काय शोधायचं तेच कळत नाही.

भावाच्या रकान्यांत मात्र दोन अडचणी आहेत. पहिली, छापलेला आकडा बाजाराच्या मागून चालतो. हे डबे लहानपणी ज्यांच्या हातात होते ती पिढी आता संग्रह विकायला काढते आहे, आणि नेहमीच्या डब्यांचे भाव त्यामुळे खाली आलेत. पुस्तिकेतले आकडे त्या वेगाने खाली येत नाहीत. दुसरी अडचण दोन रकान्यांच्या मधल्या जागेची. समजा ‘गुड’ला 20 डॉलर आणि ‘एक्सलंट’ला 50 डॉलर छापलेत. डबा दोन्हींच्या मधल्या दर्जाचा असेल तर विक्रेता सरळ 35 मागतो. प्रत्यक्षात तो डबा 26-28 च्या आसपास विकला जातो, कारण संग्राहकाला ‘एक्सलंट’ हवा असतो आणि रुळांवर चालवणाऱ्याला ‘गुड’ पुरतो. मधल्याला गिऱ्हाईक कमी.

दर्जाची भाषा अमेरिकेतल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनने, म्हणजे टीसीएने, घालून दिलेली आहे. सी-10 म्हणजे मिंट, सी-8 लाइक न्यू, सी-7 एक्सलंट, सी-6 व्हेरी गुड, सी-5 गुड. एक्सलंटमध्ये बारीक ओरखडे चालतात, पण पोचे आणि गंज नको, आणि सगळे भाग मूळचे हवेत. ही शेवटची अट जाहिरातीत सोयीस्करपणे गाळली जाते. चकचकीत डबा आणि त्याला बाहेरून आणून बसवलेलं नवं दार, हा सी-7 होत नाही. विक्रेत्याने स्वतः दिलेला दर्जा एक पायरी खाली धरूनच सुरुवात करावी. फोटो पाहून वर न्यायचा तर नंतर नेता येतो.

ईबेकडे वळू. इथे पहिला नियम असा की, मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. शोधाच्या चाळणीत ‘सोल्ड आयटम्स’ निवडलं की साधारण मागच्या 90 दिवसांतल्या झालेल्या विक्री दिसतात. ‘कम्प्लीटेड’ निवडलं तर न विकलेला मालही दिसतो, आणि तोही पाहावा: 80 डॉलरला तीन वेळा लावलेला डबा तिन्ही वेळा पडून राहिला, तर ती कमाल मर्यादेची उघड खूण आहे. किमतीवर आडवी रेघ मारलेली असेल तर ‘बेस्ट ऑफर’ स्वीकारून माल कमी पैशात गेलेला असतो. रेघ मारलेला तो आकडा हिशेबात धरू नये. विक्रेता म्हणून खातं असेल तर टेरापीक हे संशोधनाचं साधन मिळतं, त्यात 90 दिवसांच्या मागे जाता येतं. क्वचित येणाऱ्या रंगासाठी ते फार उपयोगी.

शोधताना ‘लायोनेल बॉक्सकार’ असं टाकलं तर ढिगाने कचरा येतो. पूर्ण क्रमांक टाकावा, आडव्या रेघेसकट आणि रेघेशिवाय, दोन्ही प्रकारे. मग यादीतून तीन गोष्टी वेगळ्या काढाव्यात: चार-पाच डब्यांचे एकत्र गठ्ठे, मूळ खोक्यासकट विकलेले डबे, आणि नंतरच्या काळातली पुनर्निर्मिती. उरलेल्यांत डाकखर्च मिळवून प्रत्येकाची एकूण रक्कम लिहावी. समजा नऊ विक्री मिळाल्या: 38, 40, 42, 44, 45, 47, 52, 60 आणि 115. सरासरी काढली तर जवळपास 54 येते आणि फसवते, कारण शेवटच्या एकाने ती ओढून वर नेलीय. मधला आकडा 45, तोच भाव. त्या 115 वाल्याचे फोटो मात्र उघडून पाहावेत. बहुतेक वेळा तिथे एखादी वेगळी अक्षररचना असते, किंवा हट्टाला पेटलेले दोन बोलीवाले.

हे सगळं डबा अस्सल आणि जसाच्या तसा असेल तरच लागू. म्हणून ओळख पटवायला वेळ द्यावा. या मालिकेत वर्षाची साक्ष देणाऱ्या तीन जागा आहेत.

पहिली, चाकांचे ट्रक, म्हणजे डब्याखाली चाकं धरून ठेवणारे सांगाडे. सुरुवातीच्या डब्यांना धातूचे बार-एंड ट्रक, तर 1957 पासून ‘एएआर’ नावाने ओळखले जाणारे प्लास्टिकचे ट्रक. 6464-25 ग्रेट नॉर्दर्न 1953-54 चा. त्याखाली प्लास्टिकचे ट्रक दिसले तर ते बदललेले आहेत आणि डबा संग्राहकाच्या भावाला पात्र नाही. उलट 1960 मध्ये आलेल्या 6464-900 न्यूयॉर्क सेंट्रलखाली धातूचे ट्रक खटकायला हवेत. धातूचे ट्रक वजनदार आणि देखणे असल्यामुळे लोक हौसेने बदलतात. फसवण्याचा हेतू दर वेळी असतोच असं नाही, पण किंमत तेवढीच घसरते. 1957 च्या आसपासच्या डब्यांत दोन्ही प्रकार खरे असू शकतात, तिथे पुस्तिकेची टीप पाहावी.

दुसरी, दारं. 1953-54 ची दारं एकाच मोठ्या चौकटीची, 1955 पासून अनेक छोट्या चौकटींची. दोन बाजूंना दोन प्रकारची दारं असतील तर एक नक्की दुसऱ्या डब्याचं. दार सरकवून त्यामागे झाकलेला रंगही बघावा. झाकलेला भाग गडद आणि बाहेरचा फिका असेल तर डबा उन्हात राहिलाय. ‘दुर्मीळ फिकट छटा’ म्हणून विकले जाणारे कित्येक डबे याच परीक्षेत बाद होतात.

तिसरी, अंगावरच्या रिव्हेटच्या ओळी. अक्षरं आणि पट्ट्या छापायला सपाट जागा हवी म्हणून साच्यावरचे रिव्हेट टप्प्याटप्प्याने काढले गेले. संग्राहक त्यावरून अंगाचे चार मुख्य प्रकार मानतात, पहिल्यावर रिव्हेट सर्वांत जास्त. 1953 चा म्हणून विकला जाणारा डबा चौथ्या प्रकारच्या अंगाचा निघाला तर पुढे बोलायलाच नको.

नव्याने रंगवलेला डबा ओळखायचा तर दारातून आत टॉर्च मारावा. आतल्या न रंगवलेल्या प्लास्टिकचा रंग त्या प्रकाराशी जुळतो का, कडांवर रंगाचा फवारा आत उडालाय का, हे लगेच दिसतं. उष्णतेने उमटवलेली अक्षरं किंचित खोल बसलेली असतात. तिरप्या उजेडात ती खोली दिसते. सपाट आणि चकाकणारी कड दिसली तर चिकटवलेल्या डेकलचा, म्हणजे छापील पारदर्शक चिकटचित्राचा, संशय घ्यावा.

सगळ्यात जास्त गोंधळ वेस्टर्न पॅसिफिकच्या डब्यावर छापलेल्या पिसाच्या चित्रावरून होतो. 1954 च्या 6464-100 चा नेहमीचा डबा चंदेरी, त्यावर पिवळं पीस. त्याचीच नारिंगी अंगावर निळं पीस असलेली आवृत्ती फार दुर्मीळ. पण 1966 मध्ये 6464-250 या क्रमांकाने नारिंगी-निळा डबा पुन्हा आला, आणि तो तुलनेने बराच स्वस्त. जाहिरातीत ‘नारिंगी, निळं पीस’ एवढंच लिहिलेलं असतं. क्रमांकाचा, ट्रकचा आणि दाराचा जवळून काढलेला फोटो आल्याशिवाय पैशाचं बोलू नये. 1957 च्या गुलाबी इंजिनाच्या ‘गर्ल्स सेट’मधले 6464-510 आणि 6464-515 हे फिक्या रंगांचे डबेही असेच. त्यांना मागणी मोठी आणि नक्कल करायला सोपे, म्हणून तपासणीशिवाय घेऊच नयेत.

पुनर्निर्मिती वेगळी काढायला चाकं पुरतात. 1970 पासून, म्हणजे लायोनेलच्या गाड्या जनरल मिल्स ही कंपनी बनवत होती त्या काळात, नवी चाकं आली. त्यात चाक आणि आस एकत्र फिरतात, डबा अलगद घरंगळतो. युद्धोत्तर डब्यात प्रत्येक चाक आसावर स्वतंत्र फिरतं. चालवायला नवा डबा चांगलाच, पण त्याचा भाव वेगळ्या यादीत शोधावा.

दोषांमुळे किती कापायचं? तुटलेली दारपट्टी किंवा बंद न होणारा कपलर (दोन डबे जोडणारा आकडा) यांचे सुटे भाग मिळतात, पण भाग बसवल्यावरही डबा ‘मूळचा’ राहत नाही. म्हणून फक्त भागाची किंमत वजा करणं कमी पडतं, एक पूर्ण दर्जा खाली आणावा. छताच्या कोपऱ्यातला टवका, घासून पुसट झालेली अक्षरं आणि वितळल्यासारखा डाग, हे तीन दोष दुरुस्त होत नाहीत. तो वितळलेला डाग बहुधा मऊ व्हिनाइलची वायर किंवा रबर वर्षानुवर्षं प्लास्टिकला टेकून राहिल्याने पडतो. असा डबा ‘गुड’च्याही खाली धरावा, बाकी अंग कितीही लख्ख असो. नुसती धूळ मात्र भाव पाडून घ्यायला उत्तम. ती कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने जाते, आणि फोटोत डबा दिसतो त्याहून चांगला निघतो. अक्षरांवर घासायचं नाही, इतकंच.

लिलावाचे निकाल वाचताना एक गोष्ट विसरली जाते. शेवटच्या बोलीवर खरेदीदाराकडून वेगळी टक्केवारी, म्हणजे प्रीमियम, घेतली जाते, आणि निकालातला आकडा ती धरून आहे की सोडून, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. 20 टक्के प्रीमियम असेल तर 200 ची बोली 240 होते, वर डाकखर्च आणि लागू असेल तिथे कर. बोली लावताना हिशेब उलटा करावा: सगळं धरून 90 डॉलरच द्यायचे आहेत, डाकखर्च 12, तर उरलेल्या 78 ला 1.2 ने भागावं. बोलीची मर्यादा 65. हा आकडा आधी कागदावर लिहून ठेवलेला बरा. लिलावाची जमेची बाजू म्हणजे वर्णन जाणकाराने लिहिलेलं असतं आणि भरीव ढालीच्या रटलंडसारखा डबा हातात घेऊन पाहिलेला असतो. उणी बाजू गठ्ठ्यांची: साधे डबे सहा-सहा एकत्र विकले जातात, आणि एकूण रकमेला सहाने भागून भाव काढला तर तो चुकीचाच येतो, कारण गठ्ठा बहुतेक वेळा त्यातल्या एका डब्यासाठी घेतलेला असतो.

खोक्याचा हिशेब डब्यापासून वेगळा ठेवावा. टीसीएच्या पद्धतीत खोक्यालाही पी-1 ते पी-10 असा स्वतंत्र दर्जा आहे. टोकाच्या झडपेवरचा क्रमांक डब्याच्या क्रमांकाशी, शेवटच्या दोन-तीन आकड्यांसकट, जुळायला हवा. 6464-50 च्या खोक्यात 6464-25 ठेवलेला असणं अगदी नेहमीचं. सगळ्या झडपा जागच्या जागी हव्यात, टेप नको. रिकामी मूळ खोकी सुटी विकली जातात, आणि त्यांच्याही झालेल्या विक्री ईबेवर सापडतात. सुट्या डब्याचा मधला भाव आणि सुट्या खोक्याचा मधला भाव यांची बेरीज ही जोडीची वाजवी वरची मर्यादा. त्याहून जास्त देण्याचं कारण एकच, ते म्हणजे दोन्ही सी-8 आणि पी-8 च्या वर असणं. नव्याने छापलेली खोकीही बाजारात आहेत. सत्तर वर्षांच्या पुठ्ठ्याच्या घड्या आतून कोऱ्या पांढऱ्या दिसल्या तर खोक्याची किंमत शून्य धरावी आणि फक्त डब्याचे पैसे द्यावेत.