गच्चीवरच्या रोपांसाठी २०० मायक्रॉनचा यूव्ही कागद

बडोद्यात मिळणारा हा पॉलिहाऊसचा कागद, म्हणजे रोपांच्या मांडवावर घालायचं ०.२ मिलिमीटर (२०० मायक्रॉन) जाडीचं प्लास्टिक, टिकाऊ आहे, घ्यावा. पण आधी नीट विचारून. ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ म्हणजे कागद स्वतः उन्हात लवकर तडकत नाही, एवढंच. अतिनील किरण अडवायचे तर ‘यूव्ही ब्लॉकिंग’ वेगळा मागावा लागतो, आणि दुकानात दोन्ही सर्रास एकच म्हणून खपवतात, हे फार वाईट.

फरक पानांवर दिसतो. २८० ते ३१५ नॅनोमीटरचे यूव्ही-बी किरण जास्त झाले की प्रकाशसंश्लेषणातलं डी-१ प्रथिन मोडतं, वाढ खुंटते. ब्लॉकिंग कागदाखाली पालेभाजी कोवळी, रुंद पानांची येते. पांढरी माशीही कमी. मात्र जांभळी वांगी आणि लाल लेट्यूस फिके पडतात, कारण तो रंग याच किरणांनी खुलतो. मधमाश्याही गोंधळतात, त्यामुळे दुधी-भोपळ्याला हातानेच परागण करा.

लोखंडी पाइपला टेकतो तिथे कागद तापून आधी फाटतो. पाइपला पांढरा रंग द्या. गंधकाची फवारणी कागदावर उडू देऊ नका. आतली रोपं एकदम मे महिन्याच्या उन्हात काढलीत तर पानं पांढुरकी होऊन करपतात. आठवडाभर सकाळचं ऊन थोडं थोडं वाढवत न्या.