जुन्या रंगावर ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

१५ मिलिमीटर थ्रो (पॅड डोलतं त्या घेराची रुंदी), ९०० वॅट, पॅड चिकटवायची १२५ मिलिमीटरची प्लेट. फेब्रुवारी ते सप्टेंबर हे मशीन मुख्यतः मारुती ८००, प्रीमियर पद्मिनी आणि अँबेसेडरवर चाललं, तेही मराठवाड्यातल्या उन्हात आणि बोरच्या पाण्यावर. जुन्या रंगासाठी हेच घ्यावं, असं ठाम मत झालंय. नुसतं गोल फिरणारं मशीन काम लवकर उरकतं, पण एका जागी जरा जास्त थांबलं की रंग तापतो आणि कडेला प्रायमर उघडा पडतो. ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये पॅड फिरता फिरता डोलतं, उष्णता पसरते, रंग कमी निघतो. तीस वर्षांच्या गाडीवर रंग उरलाय किती, यावरच सगळं अवलंबून.

मशीन लावण्याआधी फडक्याला विचारा. बोनेटच्या कोपऱ्यात थोडं कंपाउंड (रंग घासायची पेस्ट) हाताने घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर रंग सिंगल स्टेज, म्हणजे वर क्लिअर कोटचा पारदर्शक थर नाही. पांढऱ्या मारुतीवर नेमकी इथेच फसगत होते, कारण पांढऱ्या फडक्यावर पांढरा रंग दिसतच नाही. काळं सुती कापड घ्या. सिंगल स्टेजमध्ये वरचा मेलेला थर खडूसारखा निघतो आणि खालून तजेला येतो. टपावर, बोनेटवर क्लिअर कोटचे पोपडे सुटले असतील तर पॉलिशच्या नादी लागू नका, तिथे नवा रंगच लागतो.

धुताना शेवटचं पाणी बोरचं नको. पत्रा गरम असला की ते थेंब पडल्या जागी वाळतं आणि क्षारांचे गोल डाग बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याचा ५ लिटरचा कॅन शेवटच्या पाण्याला पुरतो. डाग आधीच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच डिस्टिल्ड पाणी मिसळा, ओलं फडकं मिनिटभर ठेवा आणि लगेच धुऊन टाका. तरीही कडा दिसली तर क्षाराने रंग खाल्लाय, तो डाग फक्त कंपाउंडने कमी होईल. जालन्यात रोलिंग मिलच्या आसपास उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे बारीक कण रुततात. हात फिरवला की खरखर लागते. क्ले बार (रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवल्याशिवाय पॅड लावलं तर तेच कण रंगावर रेघा ओढतात.

आता मुख्य काम. दारांच्या कडा आणि पत्र्याच्या उठावाच्या रेषा टेपने झाका, रंग तिथेच सगळ्यात पातळ असतो. एका वेळी ४५ बाय ४५ सेंटिमीटर एवढाच भाग धरा. पॅडवर हरभऱ्याएवढे चार थेंब, वेगाच्या १ नंबरवर पसरवा, मग ४ किंवा ५ वर आडवे-उभे चार ते सहा हात. मशीन सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर सरकेल इतकं सावकाश चालवा. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. ती फिरताना दिसली तर ठीक. थांबलेली दिसली तर दाब जास्त झालाय किंवा मशीन तिरकं धरलंय. मग पॅड नुसतं थरथरतं आणि काम होत नाही. अँबेसेडरच्या गोल मडगार्डवर हे वारंवार होतं, तिथली खोबण सरळ हातानेच करा.

सिंगल स्टेजवर पॅड फार लवकर भरतं. निघालेला रंग आणि कंपाउंड मिळून फोमवर लगदा बसतो, आणि तो पुढच्या भागावर ओरखडे पाडतो. दर दोन भागांनंतर ब्रशने झाडा. एका गाडीला किमान सहा कटिंग पॅड (कंपाउंडने घासायची) हवीत. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर काम बंदच. हाताची मागची बाजू पत्र्यावर पाच सेकंद टिकत नसेल तर कंपाउंड पसरण्याआधीच वाळून पावडर होणार.

क्रोमचं गणित निराळं. पद्मिनीच्या बंपरवर निकेलवरचा क्रोमचा थर मायक्रॉनच्या अंशात असतो, त्यावर सॅंडपेपर चालवूच नका. घरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने गंजाचे ठिपके निघतात, चकाकी राहते. कोरडं करून लगेच वॅक्स लावा, नाहीतर क्रोममधल्या बारीक छिद्रांतून गंज परत वर येतो. मुलामा उडाला असेल तर नव्याने प्लेटिंग, दुसरा उपाय नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांनाही फडकंच विचारा: मेटल पॉलिशने फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे आणि चमकेल. काळं झालं नाही तर वर अ‍ॅनोडाइझिंगचा कठीण थर आहे, मेहनत वाया जाईल.

तक्रारी दोन. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर वेगाचं बटण नीट चालत नाही, मोटर गुणगुणते आणि तापते. लाइट गेली की थांबा. दुसरी जास्त गंभीर: पाचव्या महिन्यात प्लेटच्या मध्यभागी वेल्क्रोचे आकडे उष्णतेने वितळले आणि चालू मशीनवरून पॅड सुटू लागलं. पॅड दर पाच-सात मिनिटांनी बदललं तर हे लांबतं, टळत नाही. सुटी प्लेट मशीनसोबतच मागवा, तालुक्याच्या गावात ती मिळत नाही.