कोकणच्या पावसात सोनीची ८५ मिमी एफ १.८ लेन्स
आषाढात गुहागरच्या किनाऱ्यावर पोर्ट्रेट टिपण्यासाठी प्राइम (झूम नसलेली) लेन्स निवडताना मोठ्या ॲपर्चरइतकेच (प्रकाश आत सोडणारे छिद्र; एफचा आकडा लहान तितके ते मोठे) महत्त्व माउंटवरील, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या कड्यावरील, ओल अडवणाऱ्या रबरी पट्टीला द्यावे, असे माझे ठाम मत आहे. ३७१ ग्रॅमच्या या लेन्सला ती आहे. मात्र तिच्यामुळे लेन्स जलरोधक होत नाही, म्हणून मुसळधार सरीत आवरण हवेच. ढगाळ उजेडात एफ २ वर डोळे रेखीव येतात, इरल्याच्या कडेवरचा थेंबही स्पष्ट दिसतो आणि मागची ओल्या जांभ्याची भिंत तांबूस रंगात विरून जाते, हे फारच देखणे. ०.८ मीटरच्या आत मात्र फोकस होत नाही. खारे तुषार झेलण्यासाठी ६७ मिमीचा फिल्टर अवश्य लावावा आणि बुरशी टाळण्यासाठी लेन्स पूर्ण कोरडी करून सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवावी.